विश्लेषण : कुष्ठरोगाविरुद्धच्या लढ्याला वर्ध्याने कशी दिशा दिली?

वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी एक कुष्ठधाम उभे राहिले. पुढे याच जिल्ह्यात रुग्णाला गावाबाहेर नेण्याऐवजी त्याच्या घरापर्यंत जाऊन उपचार करण्याची पद्धत आकाराला आली आणि ती देशाने स्वीकारली. नव्या औषधांची पहिली मोठी परीक्षाही वर्ध्यातच झाली. आज हा आजार खूप कमी झाला आहे, मात्र संपलेला नाही. दत्तपूर ते घरोघरी तपासणी या वाटचालीत काय घडले आणि त्यातून आज काय घेता येईल, याचा आढावा.

दत्तपूरचे कुष्ठधाम कसे सुरू झाले?

विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याला आले. १९३० च्या दशकात त्यांचा मुक्काम शहरालगतच्या नालवाडीत होता. तेथून कार्यकर्ते आसपासच्या खेड्यांत जात. खादी, सफाई, शिक्षण ही कामे करताना त्यांना गावोगावी कुष्ठरुग्ण दिसू लागले. कुणी गावाच्या कडेला खोपट घालून राहत होते, तर कुणाला घरातल्या घरातच वेगळे ठेवले होते. या रुग्णांसाठी काही करावे, असे मनोहरजी दिवाण या कार्यकर्त्याच्या मनाने घेतले.

दिवाण यांच्या आईला हे पसंत नव्हते. मुलालाच हा रोग जडला तर, ही तिची भीती होती आणि त्या काळात ती अनाठायी म्हणता येणार नव्हती. ती विनोबांकडे आली. उद्या तुम्हालाच हा आजार झाला आणि मुलाने सेवा करायला नकार दिला, तर चालेल का, असे विनोबांनी तिला विचारले. क्षणभर विचार करून तिने परवानगी दिली, असे विनोबांनी नंतर आपल्या आठवणींत सांगितले आहे. १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे काम सुरू झाले.

या घटनेचे वेगळेपण तिच्या काळात आहे. देशात कुष्ठसेवेचे तोपर्यंतचे बहुतेक काम ख्रिस्ती मिशनरी संस्थांनी उभे केले होते. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मिशन टू लेपर्स’ या संस्थेची रुग्णालये अनेक प्रांतांत होती. विदर्भात अचलपूरजवळच्या कोठारा येथेही मिशनचे कुष्ठरुग्णालय होते. मुंबईत महापालिका आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कुष्ठरुग्णालय सुरू झाले होते. भारतीय माणसाने निव्वळ सेवाभावाने चालवलेली संस्था मात्र विरळाच होती. महात्मा गांधींनी आपल्या विधायक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत दिवाण यांच्या कामाचा उल्लेख केला, तो याच कारणाने.

त्या काळात कुष्ठरुग्णांची स्थिती काय होती?

मराठीत या आजाराला ‘महारोग’ म्हटले जाई. या शब्दातच भीती होती. पूर्वजन्मीचे पाप, घराण्यातला दोष, वाईट वर्तन अशी कारणे त्याला चिकटवली गेली होती. प्रत्यक्षात नॉर्वेतील डॉक्टर गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्येच या आजाराचे जंतू शोधले होते. म्हणजे दत्तपूर सुरू झाले, तेव्हा कुष्ठरोग जंतूंमुळे होतो हे विज्ञानाला कळून साठ वर्षे उलटली होती. गावापर्यंत मात्र ही माहिती पोहोचलेली नव्हती.

कायदाही रुग्णाच्या बाजूने नव्हता. १८९८ च्या ‘लेपर्स अ‍ॅक्ट’नुसार भीक मागणाऱ्या निराधार कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबता येत असे. हा कायदा जिथे लागू केला जाई, तिथे रुग्णाला खाद्यपदार्थ तयार करून विकणे, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करणे किंवा प्रवासी वाहनात बसणे यांवर बंदी घालता येत असे. रुग्णाने काय करू नये, हे कायदा सांगत होता. त्याने जगावे कसे, याबद्दल तो काही बोलत नव्हता.

औषध म्हणाल, तर ते होते कडू कवठाच्या बियांचे तेल. ‘चौलमुग्रा’ या नावाने ओळखले जाणारे तेल आणि त्याची इंजेक्शने अनेक वर्षे वापरली गेली. ही इंजेक्शने वेदनादायी असत. काहींना थोडा गुण येई, अनेकांना येत नसे. त्यामुळे कुष्ठरुग्णालय म्हणजे बरे होऊन घरी जाण्याची जागा, असे कुणी मानत नव्हते. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, हाच सर्वसाधारण अनुभव होता.

परचुरे शास्त्रींचे सेवाग्रामला येणे का महत्त्वाचे ठरले?

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९३९ मध्ये तिथे परचुरे शास्त्री आले. ते संस्कृतचे पंडित आणि स्वातंत्र्य चळवळीतील सत्याग्रही. येरवडा तुरुंगात असताना गांधीजींशी त्यांचा संबंध आला होता. तिथे कुष्ठरोगामुळे त्यांना वेगळे ठेवण्यात आले होते. आजार बळावल्यावर कुठेच थारा मिळेना, तेव्हा त्यांनी सेवाग्रामची वाट धरली.

आश्रमात लहान मुले होती, स्त्रिया होत्या, पाहुण्यांची सतत ये-जा होती. संसर्गाची शंका रास्त होती. गांधीजींनी आश्रमवासीयांना विश्वासात घेतले आणि आपल्या कुटीपासून जवळच शास्त्रींसाठी झोपडी बांधून घेतली. ते स्वतः त्यांच्या जखमा पाहत, अंगाला मालीश करीत. गांधीजी शास्त्रींच्या समोर वाकून बसलेले आहेत, असे त्या काळातले छायाचित्र पुढे जगभर पोहोचले. सेवाग्राम आश्रमात ‘परचुरे कुटी’ आजही पाहायला मिळते.

त्या काळात या आजारावर खात्रीचा इलाज नव्हता, आणि सेवाग्रामलाही तो सापडला नाही. परचुरे शास्त्री पुढे दत्तपूरला गेले आणि १९४५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. मात्र देशातला सर्वाधिक परिचित माणूस रोज एका कुष्ठरुग्णाला हात लावतो, हे लोकांनी पाहिले. त्याच वर्षी गांधीजींनी विधायक कार्यक्रमाची पुस्तिका सुधारली आणि तिच्या १८ कलमांत कुष्ठसेवेचा समावेश केला. खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यता निवारण यांच्या पंक्तीत कुष्ठरोग आला. १९४७ च्या अखेरीस कुष्ठसेवकांची अखिल भारतीय परिषद भरली, तीही वर्ध्यातच.

दत्तपूरने वेगळे काय केले?

दत्तपूरमध्ये रुग्णाकडे दयेचा विषय म्हणून पाहायचे नाही, असे ठरले होते. ज्याला जेवढे झेपेल तेवढे काम त्याने करावे, अशी रीत होती. शेती, सूतकताई, विणकाम अशी कामे रुग्ण करीत. बोटे झडलेला किंवा पाय बधिर झालेला माणूसही उत्पादक काम करू शकतो, हे तिथे रोजच्या व्यवहारातून दिसत होते. भीक मागून जगण्याशिवाय ज्यांच्यापुढे पर्याय ठेवला गेला नव्हता, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

कामातून स्वाभिमान, ही दिशा विदर्भातल्या इतर प्रयोगांतही दिसते. याच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे जन्मलेल्या बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ ‘आनंदवन’ची पायाभरणी केली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी ‘तपोवन’ उभारले. थोड्याशा अंतरात आणि दीड दशकाच्या काळात एवढ्या संस्था उभ्या राहाव्यात, असे उदाहरण देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मग रुग्णालये बांधून आजार का हटत नव्हता?

संस्थेत किती रुग्ण ठेवता येतील, याला मर्यादा असते. फार तर काहीशे. देशातील रुग्णांची संख्या लाखांत होती. प्रत्येक जिल्ह्यात दत्तपूर उभे केले असते, तरी बहुसंख्य रुग्ण बाहेरच राहिले असते.

याहून मोठी अडचण आजाराच्या स्वभावात होती. कुष्ठरोगाचे जंतू अतिशय सावकाश वाढतात. संसर्ग झाल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. कधी कधी २० वर्षेही लागतात. पहिले लक्षणही किरकोळ असते. अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो दुखत नाही, खाजत नाही. त्या जागी स्पर्श कळत नाही एवढेच. शेतात राबणारा माणूस त्यासाठी कशाला दवाखान्यात जाईल?

मधल्या काळात जंतू नसांना इजा करीत राहतात. नस निकामी झाली, की हाताला चटका कळत नाही, पायात रुतलेला काटा समजत नाही. जखम चिघळते, बोटे आखडतात, पुढे झडतात. लोक ज्याला कुष्ठरोग म्हणून ओळखत, ती आजाराची ही शेवटची अवस्था होती. रुग्ण संस्थेत पोहोचत, तेही बहुधा याच टप्प्यावर. तोवर हातापायांचे नुकसान झालेले असे, आणि संसर्गजन्य रुग्ण असेल तर घरातल्यांपर्यंत जंतू पोहोचून गेलेले असत. थोडक्यात, रुग्णाला गावाबाहेर काढून गाव सुरक्षित होत नव्हते. गावाची ती समजूत तेवढी होती.

लपवाछपवीचाही प्रश्न होता. आजार कळला, की गाव सोडावे लागणार, मुलीचे लग्न मोडणार, हे माहीत असताना चट्टा दाखवायला कोण पुढे येणार? वेगळे ठेवण्याच्या भीतीनेच रुग्ण दडून राहत आणि आजार पसरत राही.

घरी जाऊन उपचार करण्याची कल्पना कशी पुढे आली?

यासाठी आधी गोळीच्या रूपात घेता येईल असे औषध हवे होते. ते १९४० च्या दशकात मिळाले. अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात १९४१ मध्ये सल्फोन गटातील औषधाचा गुण दिसून आला. त्याच गटातील ‘डॅप्सोन’ हे औषध पुढे सर्वत्र वापरात आले. ते स्वस्त होते आणि घरी बसून घेता येत होते. कुष्ठरोग औषधाने आटोक्यात येतो, असे पहिल्यांदाच खात्रीने सांगता येऊ लागले.

गांधीजींच्या निधनानंतर स्थापन झालेल्या गांधी स्मारक निधीतून १९५१ मध्ये ‘गांधी मेमोरिअल लेप्रसी फाउंडेशन’ ही संस्था आकाराला आली. तिचे मुख्यालय वर्ध्यात झाले. संस्थेचे काम डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्याकडे आले. आणखी एक मोठे रुग्णालय बांधून तिथे रुग्ण दाखल करून घेणे, हा त्या वेळचा रूढ मार्ग होता. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बाजूला ठेवला. रुग्ण येण्याची वाट पाहायची नाही, आपणच त्याच्यापर्यंत जायचे, असे सूत्र त्यांनी ठरवले आणि सेवाग्राम परिसरातील गावांत ते राबवायला सुरुवात केली.

‘सर्वेक्षण, शिक्षण, उपचार’ ही पद्धत नेमकी काय होती?

इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एसईटी’ म्हणून ओळखली गेलेली ही पद्धत तीन पायऱ्यांची होती.

पहिली पायरी सर्वेक्षणाची. प्रशिक्षित कार्यकर्त्याने नेमून दिलेल्या गावांत घरोघरी जायचे, घरातल्या प्रत्येकाची उजेडात तपासणी करायची, संशयित चट्ट्यावर स्पर्श कळतो की नाही ते पाहायचे आणि नोंद ठेवायची. शाळांतली मुलेही तपासायची. आजारी म्हणून कुणी पुढे आले नाही, तरी तपासणी व्हायचीच.

दुसरी पायरी शिक्षणाची. हा आजार पापाचा नाही, आनुवंशिक नाही, औषधाने आटोक्यात येतो, लवकर दाखवला तर व्यंग टळते, हे चावडीवर, शाळेत, बाजारात आणि घरात पुन्हा पुन्हा सांगायचे. हे काम शोभेसाठी नव्हते. लोकांचा विश्वास बसला तरच ते अंगावरचा चट्टा दाखवणार होते. त्यामुळे सर्वेक्षणाचे यश शिक्षणावर अवलंबून होते.

तिसरी पायरी उपचाराची. रुग्णाने आपल्या घरी राहावे, आपली शेती-मजुरी करावी आणि ठरलेल्या दिवशी गावाजवळच्या केंद्रावर येऊन गोळ्या घ्याव्यात. तो आला नाही, तर कार्यकर्त्याने त्याच्या घरी जावे. नियमित औषधाने संसर्ग कमी होतो, त्यामुळे त्याला कुटुंबापासून तोडण्याचे कारण उरत नव्हते.

या रचनेत डॉक्टरपेक्षा गावात फिरणारा कार्यकर्ता अधिक महत्त्वाचा होता. केंद्र सरकारने १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हीच पद्धत त्याचा कणा झाली. साधारण २० ते २५ हजार लोकसंख्येमागे एक कुष्ठरोग कार्यकर्ता, अशी केंद्रे देशभर उभी राहिली. अशा कार्यकर्त्यांना तयार करण्याचे कामही वर्ध्यात होऊ लागले.

मग कार्यक्रम अडखळला कुठे?

डॅप्सोनची मोठी अडचण म्हणजे ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे. अधिक जंतू असलेल्या रुग्णांना तर ते जवळपास जन्मभर चालू ठेवायला सांगितले जाई. चट्टा फिका पडला, बरे वाटू लागले, की अनेक जण गोळ्या सोडून देत. एकाच औषधावर इतका काळ भिस्त ठेवल्याचा परिणामही दिसू लागला. डॅप्सोनला दाद न देणारे जंतू असल्याचे १९६० च्या दशकात सिद्ध झाले. त्यानंतर ही समस्या जगभर वाढत गेली.

संशोधनालाही मर्यादा होती. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर वाढवता येत नाहीत. १९६० मध्ये उंदराच्या पंजात ते वाढवण्याची पद्धत सापडली, त्यानंतरच औषधांची नीट चाचणी करणे शक्य झाले. त्यातून पुढचा उपाय निघाला. एकाऐवजी अनेक औषधे एकत्र द्यायची.

बहुविध औषधोपचारात वर्ध्याची भूमिका काय होती?

रिफाम्पिसिन, क्लोफाझिमाइन आणि डॅप्सोन या औषधांचा एकत्रित उपचार म्हणजे ‘मल्टी ड्रग थेरपी’ अर्थात एमडीटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये त्याची शिफारस केली. भारतात हा उपचार संपूर्ण जिल्ह्यात राबवून पाहायचे ठरले, तेव्हा सर्वप्रथम निवडलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. स्वीडनच्या साहाय्याने १९८१ मध्ये इथे काम सुरू झाले.

ही निवड सहज समजण्याजोगी आहे. रुग्ण कुठे आहेत, किती आहेत, कोणाचे औषध कधी सुरू झाले, याच्या नोंदी ठेवण्याची सवय जिल्ह्यात रुजलेली होती. घरोघरी फिरणारी माणसे होती आणि त्यांना दार उघडणारे लोकही होते. नवे औषध चांगले असून चालत नाही, ते पोहोचवणारी व्यवस्थाही लागते. ती वर्ध्यात तीन दशके आधीपासून तयार होत होती.

परिणाम झपाट्याने दिसले. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने बहुतांश जंतू मरतात. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकर थांबतो. जन्मभराचा उपचार ठरावीक मुदतीवर आला. आता आजाराच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. १९८३ मध्ये नियंत्रण कार्यक्रमाचे रूपांतर राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात झाले आणि एमडीटी टप्प्याटप्प्याने देशभर गेली.

‘निर्मूलन’ झाले म्हणजे आजार संपला का?

नाही. इथे आकड्यांचा अर्थ समजून घेणे गरजेचे आहे. एमडीटी सुरू होण्याच्या सुमारास देशात दर दहा हजार लोकांमागे ५७.८ रुग्ण होते. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे. त्या दराने एवढ्या लोकसंख्येत साडेसात हजार रुग्ण असते. दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे निर्मूलनाचे प्रमाण ठरवण्यात आले. तेवढ्याच लोकसंख्येत याचा अर्थ होतो १३० पेक्षा कमी रुग्ण. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर हे उद्दिष्ट गाठले.

हे यश मोठे होते. मात्र या अर्थाने निर्मूलन म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न म्हणून आजार मागे पडणे. तो नाहीसा होणे नव्हे. शिवाय ही गणना उपचार सुरू असलेल्या रुग्णांची असते. उपचार पूर्ण झाला, की नाव यादीतून निघते. उपचाराची मुदत कमी झाली, की यादीही लहान होते. नवे रुग्ण सापडण्याचे प्रमाण त्याच वेगाने घटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात १ लाख ८२ हजारांहून अधिक नव्या रुग्णांची नोंद झाली. त्यातील १ लाख ७ हजारांहून अधिक रुग्ण भारतातील होते. म्हणजे जगातला निम्म्याहून अधिक भार आजही आपल्याकडे आहे.

२००५ च्या सुमारास कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळले गेले. त्यामुळे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू लागला, हा फायदा झाला. मात्र फक्त याच कामासाठी घरोघर फिरणारी यंत्रणा आक्रसली. रुग्ण स्वतःहून येईल, या गृहीतकावर भर आला. हेच गृहीतक वर्ध्याने १९५० च्या दशकात खोडून काढले होते. केंद्राने २०१६ मध्ये निवडक जिल्ह्यांत पुन्हा घरोघरी शोधमोहीम घेतली, तेव्हा ३० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले. ते आधीपासूनच होते. कुणी त्यांच्या दारात गेले नव्हते.

कायदे बदलले का?

बदलले, पण फार उशिरा. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट संसदेने २०१६ मध्ये रद्द केला. आजार औषधाने पूर्ण बरा होऊ लागल्यानंतरही काही दशके तो कायद्याच्या पुस्तकात होता. पती किंवा पत्नीला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद विविध व्यक्तिगत कायद्यांत होती. ती २०१९ च्या दुरुस्तीने काढण्यात आली.

समाजातला बदल त्याहून मंद आहे. व्यंग आलेले, पण जंतू उरलेले नाहीत असे अनेक वृद्ध आजही देशभरातील कुष्ठधामांत आणि वसाहतींत राहतात. वैद्यकीयदृष्ट्या ते कधीच बरे झाले. घरी परतण्याची वाट मात्र बंद झालेली असते. जमिनीच्या वाटण्या झालेल्या असतात, भाऊबंद ओळख दाखवत नाहीत. अशांसाठी या संस्था आता रुग्णालयापेक्षा घर म्हणून अधिक गरजेच्या आहेत. नव्या रुग्णाला मात्र तिथे पाठवण्याची गरज उरलेली नाही.

आज वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श, गरम-थंड किंवा वेदना कमी जाणवत असेल, तर तपासणी करून घ्यावी. हातापायांना बधिरपणा किंवा मुंग्या, हातातून वस्तू निसटणे, पायातली चप्पल नकळत सुटणे, डोळा पूर्ण न मिटणे, चेहऱ्यावर किंवा कानाच्या पाळीवर गाठी येणे ही लक्षणेही दुर्लक्षू नयेत. पांढरे कोड हा वेगळा प्रकार आहे. ‘श्वेतकुष्ठ’ या शब्दामुळे गैरसमज होतो, मात्र त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही.

आजार उपचार न घेतलेल्या संसर्गजन्य रुग्णाच्या नाका-तोंडातील तुषारांमधून, तोही दीर्घकाळच्या निकट सहवासातून पसरतो. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने तो होत नाही. बहुसंख्य लोकांच्या शरीरात या जंतूंविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. निदान आणि एमडीटीचा पूर्ण उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो. रुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्तींना प्रतिबंधक म्हणून रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याची पद्धतही आता राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. लवकर उपचार सुरू झाला, तर व्यंग येत नाही.

पुढे काय?

२०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार थांबवण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे. त्यासाठी लागणारे औषध आहे आणि ते मोफत आहे. कमी पडण्याची शक्यता आहे ती शोधात. रुग्ण जितके कमी, तितके ते सापडणे अवघड होते. नव्या डॉक्टरांनी कुष्ठरोगाचा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. कुटुंबांनाही हा आजार जुन्या काळातला वाटतो. लहान मुलांमध्ये नवे रुग्ण सापडणे म्हणजे आसपास संसर्ग सुरू असल्याची खूण असते, आणि असे रुग्ण देशात अजूनही सापडतात.

गांधीजींचा स्मृतिदिन, ३० जानेवारी हा भारतात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास ‘स्पर्श’ अभियानातून गावोगावी प्रतिज्ञा घेतली जाते आणि माहिती दिली जाते. आशा सेविका शोधमोहिमेसाठी घरी येतात, तेव्हा अनेक जण दारातूनच ‘आमच्याकडे कुणी नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवतात. दोन मिनिटे थांबून घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेणे, हे या कामात सामान्य माणसाला सहज करता येण्याजोगे आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांच्याकडे जे औषध नव्हते, ते आज जवळच्या आरोग्य केंद्रात आहे. ते वेळेत घ्यायचे, तर अंगावरचा चट्टा वेळेत दिसायला हवा.